येताना जुनी भांडी आणावीत

डिसेंबर अर्धा सरल्यावर वनमाला दुकानाच्या जाहिरातीचा वार्षिक आढावा घ्यायला बसली, तेव्हा पहिलीच अडचण अशी निघाली की आढावा घ्यावा अशी जाहिरात दुकानानं कधी केलेलीच नव्हती. धारूरच्या बाजारपेठेतलं ‘सोमनाथ भांडी भांडार’ इतकी वर्षं चाललं ते कशाच्या जोरावर, हे कुणालाच सांगता येईना. दुकानाला पाटी होती. पण पाटीसमोर कडुनिंब होता, आणि कडुनिंबाला कुणा ना कुणा नेत्याच्या वाढदिवसाचा फ्लेक्स बांधलेला असे. एक उतरला की दुसऱ्याचा चढे. तालुक्यात नेते मुबलक आणि सगळेच कधी ना कधी जन्मलेले, त्यामुळं पाटीला सूर्यदर्शन म्हणून नव्हतं.

वडिलांना, अण्णांना विचारावं, तर अण्णा श्रावणात गेले.

आढाव्याची कल्पना करिष्माची. ती वनमालाची चुलतबहीण, गहिनीनाथकाकांची धाकटी, पुण्यात एमबीए करत होती. फोनवर तिनं विचारलं, “ताई, तुमचा टार्गेट ऑडियन्स कोण?”

“ऊसतोड करणारी माणसं.”

“मग त्यांच्यापर्यंत पोचायचं.”

“ती आत्ता कर्नाटकात आहेत. उन्हाळ्यात येतील.”

जगातला कुठलाही धंदा वर्षअखेरीला ग्राहकाचे आभार मानतो. इथला ग्राहक दसरा झाला की बैलगाडीत बिऱ्हाड घालून परराज्यात जातो, ही गोष्ट तिच्या पुस्तकात नव्हती. पण पोरगी हुशार. ती म्हणाली, “मग मागं राहिलेल्यांना धर. आणि प्रत्येकाला एक प्रश्न विचार, आमच्या दुकानाची माहिती तुम्हाला कुठून मिळाली? बाकी सगळं जाऊ दे, शेवटी एकच गोष्ट बघायची असते. गेलेला ग्राहक परत येतो का?”

हा प्रश्न वनमालाला आवडला. अंबाजोगाईच्या कॉलेजात ग्रंथपाल म्हणून काम करताना तिचा अनुभव असा होता, की गेलेलं पुस्तक परत येतं का, यावरूनच माणसाची किंमत कळते.

आढाव्याची घाई होती ती काकांमुळं. दुकानाची जागा दोघा भावांची. काका बीडला राहायचे, मनानं वाईट नव्हते. पण दिवाळीला येऊन ते दुकानात बसले आणि संध्याकाळपर्यंत एक चमचा खपलेला बघून उठले. “माले, हे बग,” ते म्हणाले, “अण्णा हुता तवर ठीक हुतं. आता तू आन् वैनी, दोघी बायकांनी काय भांडी पुसत बसायचं का? एकतीस डिसेंबरला मी येतो. दुकान चालतंय असं दिसलं तर तुमचं तुमी बघा. न्हाई तर एक तारखेपासून परमेश्वरला भाड्यानं देऊ. त्याला मोबाईलची कव्हरं विकायला जागा पायजे.”

वनमालानं नोकरीवर बिनपगारी रजा टाकली होती. दुकान मोबाईलच्या कव्हरांना द्यायचं नाही, एवढं तिनं ठरवलं. तिनं भिंतीवरच्या कालदर्शिकेच्या पाठकोऱ्या बाजूवर पुढल्या वर्षाची उद्दिष्टं लिहिली. पहिलं उद्दिष्ट: दुकान चालू ठेवणे. मग बराच वेळ विचार करूनही दुसरं सुचेना.

एक गोष्ट मात्र तिनं आढाव्यात घेतली नाही. गल्ल्याशेजारी स्टुलावर नाव घालायचं यंत्र होतं. लेखणीसारखं हातात धरायचं, विजेवर गुरगुरणारं. त्यावर अण्णांचं उपरणं पांघरलेलं होतं आणि उपरण्यावर चष्मा. भांडं घेणारा प्रत्येक जण विचारी, “नाव घालून मिळंल ना?” वनमाला म्हणे, “यंत्र बिघडलंय.” माणूस म्हणे, “बरं, दुरुस्त झाल्यावर येतो,” आणि भांडं फळीवर परत ठेवून जाई. यंत्र बिघडलेलं नव्हतं. उपरणं उचललेलं नव्हतं, इतकंच.

जुनी भांडी मोडीत घ्यायची आणि नव्यावर सूट द्यायची, अशी योजना ठरली. शेजारच्या उत्तरेश्वर टेलरनं सल्ला दिला, कारण त्याच्याकडं सल्ला नेहमी तयार असे; कपडेच तेवढे वेळेवर तयार नसत. “ताई, फ्लेक्स लावा. ज्याचा फ्लेक्स न्हाई त्यो माणूस धारूरात हाय का न्हाई, कळत न्हाई. आन् अण्णांचा फोटू टाका. तुमाला कोण वळकतंय?”

हे शेवटचं वाक्य त्याला टाळता आलं असतं. पण ते खरं होतं.

वनमालानं तानाजी फ्लेक्सवाल्याला मजकूर पाठवला: ‘नववर्षानिमित्त विशेष योजना. ३१ डिसेंबर रोजी दुकानात अवश्य यावे. येताना जुनी भांडी आणावीत. आपली नम्र, वनमाला.’ सोबत अण्णांचा फोटो. अण्णा फोटो काढून घेत नसत, त्यामुळं भिंतीवरचा एकच चांगला होता. तिनं त्याचाच मोबाईलवर फोटो काढला. हार काढून मग काढावा, असं तिच्या मनात आलं होतं. पण हाराला हात लावावासा वाटला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी कडुनिंबावर फ्लेक्स झळकला. मधोमध अण्णा. दोन्ही बाजूंना समया, खाली कमळ, मागं ढग. वर ठसठशीत अक्षरांत ‘भावपूर्ण श्रद्धांजली’. त्याखाली: ‘३१ डिसेंबर रोजी दुकानात अवश्य यावे. येताना जुनी भांडी आणावीत. शोकाकुल, वनमाला.’

वनमाला फ्लेक्सखाली उभी राहिली. शेजारी तिची आई सुभद्राबाई येऊन उभी राहिली. बराच वेळ वर बघून आई म्हणाली, “फोटो चांगला आलाय.”

तानाजीचा स्वभाव नम्र होता. “ताई, आपल्याकडं दोनच डिझाईन. एक वाढदिवस, एक श्रद्धांजली. हाराचा फोटू आला की हात आपोआप तिकडं जातो. आता हाराच्या फोटूला वाढदिवसाच्या शुभेच्छा दिल्या असत्या, तर तुमीच रागावला असता का न्हाई?”

“आणि विशेष योजना? ती ओळ कुठं गेली?”

“ती बसंना. समया ठेवायच्या का योजना, असा परश्न आला. मग म्हटलं, समया.”

नवा फ्लेक्स छापायला त्याला सवड नव्हती. निवडणुकीचा मोसम होता. पण त्यानं एक पट्टी छापून ‘श्रद्धांजली’वर चिकटवून दिली. दुपारभर धारूरनं ‘भावपूर्ण योजना’ वाचली. रात्री बालाघाटाचा वारा सुटला आणि सकाळी पुन्हा श्रद्धांजली झाली.

मग फ्लेक्स उतरवायचाच, असं ठरवून वनमालानं शिडी मागितली. शिडी मिळाली, चढणारा मिळेना. “मयताचा फ्लेक्स तेराव्याआधी उतरवत न्हाईत,” जो तो म्हणे.

“अहो, अण्णांना जाऊन चार महिने झाले.”

“पण फ्लेक्स तर कालचा हाय ना?”

या तर्कापुढं तिचं वाचन लुळं पडलं. ती नगरपालिकेत गेली. तिथल्या बाबूनं मोबाईलवर फ्लेक्स पाहिला, खुर्चीतून उठला आणि डोळे मिटून मान खाली घालून उभा राहिला. साहजिकच वनमालालाही उभं राहावं लागलं. मग बसून तो म्हणाला, “श्रद्धांजलीचा फ्लेक्स लावायला परवानगी लागत न्हाई. माणुसकीचा भाग हाय. काढायचा असंल तर अर्ज करा.”

“माझाच फ्लेक्स आहे.”

“मग तर सोपं हाय. तुमच्याच फ्लेक्सविरुद्ध तुमचीच तक्रार, असा अर्ज करा. साहेब दौऱ्यावर हायत. नव्या वर्षात आले की बघतील.”

तोवर फ्लेक्सचा फोटो व्हॉट्सॅपवरून कर्नाटकातल्या उसाच्या फडांपर्यंत पोचला होता. करिष्मानं कळवलं की ‘रीच’ उत्तम आहे. काकांचा बीडहून घाबऱ्या आवाजात फोन आला, “माले, आता कोण गेलं?”

आणि माणसं यायला लागली. दुकानात इतकी माणसं गेल्या कित्येक वर्षांत आली नव्हती, आणि कुणीच काही विकत घेत नव्हतं. भेटायला आलेल्या घरी कुणी खरेदी करत नाही. ज्यांना श्रावणात कळलं नव्हतं ते आले. ज्यांना कळलं होतं ते, आपल्याला कळल्याचं आठवेना म्हणून आले. बाया उंबऱ्यावर पदर लावून हंबरडा फोडायच्या, पुरुष सतरंजीवर बसून पातेल्यांच्या उतरंडीकडं बघत सुस्कारे सोडायचे, आणि थोड्या वेळानं काही न बोलता उठून जायचे. अशा घरून निघताना ‘येतो’ म्हणत नाहीत. ग्राहकाला ‘पुन्हा या’ म्हणायची सवय करायची, असं वनमालानं नुकतंच ठरवलं होतं. ते दर वेळी जिभेवर यायचं आणि तिला गिळावं लागायचं.

दुखवट्याचा आहेर म्हणून टॉवेल-टोप्या येऊ लागल्या. घरात घालणारा पुरुष नाही. वनमालानं त्या परातींच्या फळीवर रचल्या. दुकानात नवा माल आलेला तेवढाच.

तिसऱ्या दिवशी आई दुकानामागच्या स्वयंपाकघरात येऊन हळूच म्हणाली, “माला, आता मला रडू येईना गं. आणि समोरची बाई रडत असताना आपण कोरडं बसावं, तर बरं दिसत नाही.”

“मग चहा ठेवायला आत येत जा.”

“चहा तरी किती ठेवू?”

वनमाला स्वतः रडत नव्हती. श्रावणातही रडली नव्हती. बायका आपसांत म्हणत, “पोरगी लई घट्ट हाय.” ती घट्ट पोरगी हातात पेन घेऊन सतरंजीवर बसायची आणि शोक जरा ओसरला की विचारायची, “मामा, तुम्हाला आमच्या दुकानाची माहिती कुठून मिळाली?”

“व्हाट्सॅपवर आलं ना, बाई. जेवताच आलं न्हाई मला.”

“तसं नाही. दुकानाची माहिती. पहिल्यांदा.”

“दुकानाची? ताटावरून.”

पहिल्यांदा तिला वाटलं, म्हाताऱ्याला ऐकू कमी येतं. पण दुसरा म्हणाला, तांब्यावरून. एक बाई म्हणाली, जावेच्या परातीवरून. साखर कारखान्याच्या थळावर, तोडकऱ्यांच्या तळावर, खोपटाला खोपट लागून. सांजच्याला भांडी घासायला एकाच पाण्यावर यायची आणि एकात एक मिसळायची. ज्या ताटावर ठळक नाव, ते ताट घरी परत यायचं. बाकीच्यांची भांडणं व्हायची. मग कुणीतरी विचारायचं, असं नाव कोण घालून देतं गं? धारूरचा सोमनाथअण्णा. आणि उन्हाळ्यात ती माणसं चकलांब्याहून नाही तर लिंबागणेशहून, वाटेतली सगळी भांड्यांची दुकानं टाकून, इथं यायची.

वनमालानं हे सगळं लिहून घेतलं. जाहिरातीचं माध्यम: ताट, तांब्या, परात. भौगोलिक विस्तार: कर्नाटकापर्यंत. लिहिताना एक गोष्ट तिला खटकली. अण्णांनी एवढ्या भांड्यांवर नावं घातली, पण दुकानाचं नाव एकावरही घातलं नाही. करिष्मा याला ढिसाळपणा म्हणाली असती. वनमालानं पेनाचं टोपण लावलं आणि स्टुलावरच्या उपरण्याकडं पाहिलं, मग न बघितल्यासारखं केलं.

राहता राहिलं, जुनी भांडी कशाला आणायची, हे. त्याचा उलगडा उत्तरेश्वरनं केला. त्याला कुणी विचारलं आणि त्याला माहीत नाही, असं आजवर घडलं नव्हतं. कात्री खाली ठेवून तो गंभीर आवाजात सांगू लागला, “अण्णांची शेवटची इच्छा हुती. आपण नाव घातलेली भांडी एकदा सगळी एका जागी यावीत.”

“उत्तरेश्वर, अण्णा असं कधी म्हणाले?” वनमालानं त्याला बाजूला घेऊन विचारलं.

“म्हणले नसतील, ताई. पण इच्छा असंल का नसंल?”

एकतीस तारखेला सकाळपासून भांडी आली. पिशवीतून, डोक्यावरून, मोटारसायकलच्या डिकीतून. ताटं, कळश्या, डबे, पोचे आलेले तांबे, बूड काळं झालेली पातेली. सतरंजी पुरेना, फळ्या भरल्या, पायऱ्या भरल्या. प्रत्येकावर अण्णांचं अक्षर. ‘म’चं पोट जरा फुगीर, वेलांटी मागं लांब ओढलेली, भाजीच्या हिशेबापासून तिच्या शाळेच्या पुस्तकांच्या वेष्टनांपर्यंत तेच होतं. दुकानभर अण्णा पसरले होते आणि तिला चालायला जागा नव्हती.

तरी योजना ती योजना. तिनं वजनकाटा पुढं ओढला आणि पहिल्या माणसाला विचारलं, “हे मोडीत घालायचं ना?”

माणूस ताट छातीशी धरून मागं सरकला. “मोडीत? अण्णाचं अक्षर मोडीत? काय बोलता ताई!” सतरंजीवर कुजबुज झाली. एका म्हातारीनं ‘दुःखानं पोरीच्या डोक्यावर परिणाम झालाय’ अशा अर्थानं मान हलवली. दुकानाच्या इतिहासातली पहिली जाहिरात योजना एका वाक्यात बारगळली.

त्याच वेळी गहिनीनाथकाका आले. सोबत परमेश्वर, हातात मोजमापाची टेप. जागा किती, काउंटर कुठं, हे मोजायला दोघं आत शिरले आणि गर्दी बघून थबकले. दारात दुखवट्याची माणसं बसलेली; तिथं भाड्याचं कसं बोलणार? काका मुकाट्यानं सतरंजीवर बसले. परमेश्वर त्यांच्या शेजारी. कुणीतरी त्याला घरचा जावई समजून त्याच्या डोक्यावर टोपी घातली आणि खांद्यावर टॉवेल टाकला. परमेश्वरनं टेप खिशात टाकली आणि चेहरा शोकाकुल केला. चांगला जमला त्याला.

“कावून एवढी भांडी?” काकांनी हळूच विचारलं.

“अण्णांची शेवटची इच्छा,” उत्तरेश्वर म्हणाला.

तेवढ्यात छबुबाई पुढं आल्या. गुडघे गेल्यामुळं यंदा फडावर न गेलेल्या, डोंगराकडच्या वस्तीवरच्या. त्यांच्या हातात एक पितळी काठाचं ताट होतं, मधे ‘छबुबाई’. “माला, हे ताट लई कारखाने हिंडलंय, पर दर साली घरी आलंय. आता माझ्या नातीला, वैष्णवीला अंबाजोगाईत नर्सिंगला नंबर लागलाय. हॉस्टेलात ऱ्हाणार हाय ती. तितं बी ताटं मिसळतच असत्याल का न्हाई? माझ्या नावाच्या वर तिचं नाव घाल.”

“छबुमावशी, यंत्र बिघडलंय.”

“आत्ता! कवापासून?”

“थांबा, मी बगतो,” उत्तरेश्वर हात पुसत उठला. “मशीन म्हणजे मशीन. शिलाई मशीन काय आन् हे काय.” त्यानं उपरण्याकडं हात नेला.

“हात लावू नका.” वनमालाचा आवाज इतका चढला की पायरीवरच्या माणसांनीही आत वळून पाहिलं. “मी बघते.”

तिनं चष्मा उचलला. कुठं ठेवावा सुचेना म्हणून डोळ्यांवर चढवला. उपरण्याची घडी केली. घडी नीट व्हायला वेळ लागला, कुणी घाई केली नाही. पिन बसवली, खटका दाबला. यंत्र गुरगुरलं. सतरंजीवरच्या माणसांनी एकदम मान वर केली. हा आवाज त्यांच्या ओळखीचा होता. आत, स्वयंपाकघरात, आईच्या हातातलं भांडं वाजायचं थांबलं.

पहिलं अक्षर घसरलं. दुसरं त्याच्यापासून पळालं. चष्म्याचा नंबर तिचा नव्हता, त्यामुळं सगळं धुरकट दिसत होतं. दुसरं काही कारण नव्हतं. चष्मा काढून पुसून तिनं पुढचं अक्षर घातलं. ‘वैष्णवी’ पूर्ण झालं तेव्हा ते नाव डोंगर चढून आल्यासारखं दिसत होतं.

“वाकडं झालं,” ती म्हणाली.

तेवढ्यात आई आतून आली. हातात एक लहान पितळी डबा. तो तिनं काकांपुढं सतरंजीवर ठेवला. डब्यावर छिन्नीनं ठोकून, यंत्र नव्हतं त्या काळात, नाव घातलेलं होतं: ‘गहिनीनाथ’. ‘ग’ वर चढलेला आणि शेवटचा ‘थ’ जागा संपल्यामुळं काठावरून खाली लोंबकळणारा.

“ह्यांनी घातलेलं पहिलं नाव,” आई म्हणाली. “तुमच्या शाळेच्या डब्यावरचं, भावजी.”

काकांनी डबा हातात घेतला. बोट लोंबकळणाऱ्या ‘थ’वरून फिरवलं. “शाळेत लई हसायची पोरं ह्या ‘थ’ला,” ते म्हणाले. “पर डबा कदी हरवला न्हाई.” मग त्यांनी शेजारी पाहिलं. “परमेश्वर.”

“जी.”

“तुझ्या खिशातनं ती टेप बाहेर आलीय. गुंडाळ.”

“मंग जागेचं?”

“बसस्टँडकडं बग. कव्हरं तितं जास्त खपत्यात.” थोडं थांबून ते म्हणाले, “आन् आता आलाच हायस, तर ताट-वाटी घे. नाव घालून दील ती.”

परमेश्वर टोपीसह रांगेत उभा राहिला. रांग होती. सुनेचं नाव, नातवाचं नाव, शेळी विकून घेतलेल्या नव्या हंड्यावर घराचं नाव. नवी भांडी फळीवरून खाली येऊ लागली, कारण नाव घालायला भांडं लागतं. कुणीतरी काकांना वजनकाट्याशी बसवलं. वनमालाची अक्षरं दुपारपर्यंत वाकडीच येत राहिली, पण कुणी एकही भांडं परत केलं नाही. कालदर्शिकेच्या पाठीमागं दुसरं उद्दिष्ट तिनं त्याच गुरगुरत्या हातानं लिहिलं: ‘म’ सुधारणे.

छबुबाईंनी ताट पदरानं पुसलं, वैष्णवीचं नाव उन्हाकडं धरून बघितलं आणि पिशवीत घातलं. उंबऱ्याशी गेल्या. बाहेर कडुनिंबावर अण्णा अजून समयांच्या मधे होते. दुखवट्याला आलेलं माणूस जसं काही न बोलता निघतं, तशा त्या निघाल्या, आणि एक पाय पायरीवर ठेवून थांबल्या. मागं वळल्या.

“येते गं, माला,” त्या म्हणाल्या. “उन्हाळ्यात पोरं आली की घिऊन येते.”

सतरंजीवरच्या दोन बायका दचकल्या. मग त्यांच्यातली एक उठली, पदर सारखा केला आणि म्हणाली, “आमी बी येतो.”